सुरीवरचा हामोन : पाण्यात की तेलात?

१८७६ मध्ये जपानच्या मेजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी आणली आणि अनेक तलवारकार सुऱ्या, विळे, सुतारकामाच्या हत्यारांकडे वळले. साकाई या जपानी शहरात मात्र तंबाखू कापायच्या सुऱ्यांचा धंदा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. त्यामुळे प्रत्येक चांगली जपानी सुरी तलवारीच्या भट्टीतून निघाली, ही समजूत बरोबर नाही. बहुतेक पाती मऊ लोखंडाला पोलाद जोडून घडवली जात, आजही जातात, आणि त्यांच्यावर दिसते ती त्या दोन धातूंच्या जोडाची सीमा. एकाच पोलादाच्या, म्हणजे होनयाकी सुरीवर मात्र हामोन असतो : कडक धार आणि मऊ पाठ यांच्या सीमेवर उमटणारी रेषा. तलवारीचं तंत्र सुरीत आलं ते इथे. पाठीवर मातीचा जाड लेप, धार जवळपास उघडी, आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापलेलं पातं एकदम विझवायचं. धार कडक होते, लेपाखालची पाठ सावकाश निवते म्हणून मऊ राहते.

खरी भांडणं होतात ती कशात विझवायचं यावरून. पाण्यात उष्णता झपाट्याने निघते, रेषा ठळक उठते, पण त्याच झटक्याने पातं तडकतं. 'टिंग' असा बारीक आवाज आला की घडाई, लेप, सगळी मेहनत वाया. पाण्यातल्या होनयाकीची किंमत चढी असते त्यात या फुटलेल्या पात्यांचाही वाटा आहे. तेलात धोका कमी, पण तेलात विझवलेल्या सुरीला बाजारात दुय्यम मानतात. हा मला अन्याय वाटतो. रेषा उमटण्यात पोलादाचा हात मोठा आहे. मँगनीज कमी असलेलं शिरोगामी हे जपानी पोलाद फार खोलवर कडक होत नाही, म्हणून लेपाचा परिणाम स्पष्ट दिसतो. आओगामी या दुसऱ्या पोलादात टंगस्टन आणि क्रोमियम असतं, ते तेलातही खोल कडक होतं, मग रेषा फिकी पडते. दोष तेलाच्या माथी मारला जातो.

गेल्या काही दशकांत अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातल्या स्वतंत्र कारागिरांनी हे तंत्र उचललं. त्यांची पोलादं डब्ल्यू २ आणि १०९५, लेप भट्टीच्या अस्तराच्या सिमेंटचा. काहीजण पातं क्षणभर पाण्यात बुडवून लगेच तेलात नेतात. यातून वादावर उत्तम तोड निघाली, असं माझं मत आहे. लेपाच्या आडव्यातिडव्या रेघा ओढून नक्षी काढणंही इथे फोफावलं. वाकलेलं पातं सरळ करताना मऊ पाठ उपयोगी पडते हे खरं, पण भाजी किंवा मासळी कापणाऱ्या सुरीला तलवारीसारखे घाव सोसायचे नसतात. हामोन इथे मुख्यतः शोभेचा, आणि शोभा म्हणूनच त्याची कदर करावी.

आक्षेप घ्यायचा तर तो वरवर कोरलेल्या नकली रेषेवर. फेरिक क्लोराइड हे धातू कोरणारं आम्लधर्मी द्रावण खरे कारागीरही वापरतात, पण ते आतली रेषा उठून दिसावी म्हणून. पातं बारीक पॉलिश पेपरने घासलं की नकली रेषा कायमची जाते. खरी रेषाही फिकी पडते, मात्र पुन्हा आम्लात बुडवताच त्याच जागी वर येते.