रेडिएटरचा पंखा आणि रिले : जुन्या मोटारीतील दोषनिदान (गोवा)

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरवरचा विजेचा पंखा वेळेवर का फिरत नाही, किंवा एकदा फिरू लागला की थांबत का नाही, याचे कारण शोधण्याची पद्धत. पंख्याची मोटर, तिला वीज देणारा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, तापमान ओळखणारा थर्मो स्विच आणि या सर्वांना जोडणारे वायरिंग एवढा तिचा आवाका आहे. गोव्यातल्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या जुन्या गाडीत पहिला संशय मोटरवर किंवा रिलेवर न घेता जोडांवर घ्यावा. गॅरेजमध्ये मात्र बहुधा उलट क्रमाने काम चालते आणि चांगली मोटर बदलली जाते.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचा पंखा पट्ट्यावर चालत असे. इंजिन फिरते तोवर पंखा फिरणारच. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते, क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) टोक रेडिएटरकडे येत नव्हते आणि पंखा विजेवर गेला. नंतरच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच वाटेने गेल्या. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज भासते ती गाडी रेंगाळते तेव्हा. म्हणून पंखा बंद पडलेली गाडी पणजी ते मडगाव सुरळीत जाते आणि रायबंदरच्या फेरीबोटीच्या रांगेत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तापते. चोर्ला किंवा अनमोड घाटात दुसऱ्या गिअरवर, मालवाहू ट्रकच्या मागे चढताना तापणे हेही त्याच प्रकारातले. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाच गाडी तापत असेल तर पंखा सोडून तुंबलेला रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधले सील) पाहावे.

सर्किट. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत थर्मो स्विच रेडिएटरच्या टाकीवर किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ असतो. पाणी साधारण ९० ते ९८ अंश सेल्सिअसला पोचले की तो जुळतो, म्हणजे करंट जाऊ देतो, आणि काही अंश उतरल्यावर सुटतो. काही गाड्यांत पंख्याचा सगळा करंट याच स्विचमधून जातो, काहींत स्विच फक्त रिलेला इशारा देतो. इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर तापमान सांगतो आणि रिले लावायचा की नाही ते ईसीएम (इंजिनाचा संगणक) ठरवते. अशा बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला की ईसीएम खबरदारी म्हणून पंखा चालू करते. ही सोयीची चाचणी आहे, पण तिच्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. एसीच्या गाडीत त्याहून सोपे म्हणजे एसी लावून पंखा फिरतो का ते पाहणे. मात्र एसीचा पंखा वेगळा असेल तर कोणता फिरला याकडे लक्ष हवे.

आधी पाणी. थर्मो स्विच पाण्यात बुडालेला असेल तरच त्याला ताप कळतो. पाणी कमी झाले किंवा हवा अडकली की इंजिन उकळते, स्विचपाशी मात्र नुसती वाफ असते आणि पंखा शांत राहतो. तापमानाचा काटाही याच कारणाने कधी खोटे बोलतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर रेडिएटर गारच राहतो, आणि टाकीवरच्या स्विचने पंखा न लावणे हे बरोबरच असते. रेडिएटरची वरची होज (रबरी नळी) कढत आणि खालची गार असेल तर थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर तपासावा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. सुमारे ०.९ बार दाबाच्या झाकणाखाली साधे पाणीही ११५ अंशांपुढे जाईपर्यंत उकळत नाही, आणि झाकण काढताच दाब जाऊन ते एकदम उसळते.

पाणी ठीक असेल तर फ्यूज पाहून थर्मो स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडाव्यात आणि किल्ली फिरवावी. पंखा लागला तर स्विच गेलेला आहे. स्विच एकाच वायरीचा असेल तर ती वायर बॉडीला टेकवावी, आधी वायरिंगच्या आकृतीत खात्री करून. काढलेला स्विच जुन्या पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर आणि मल्टिमीटर लावून तपासता येतो.

रिले. साध्या चार पायांच्या रिलेवर डीआयएन ७२५५२ प्रमाणे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची (आतल्या चुंबकी गुंडाळीची) टोके, ३० वर बॅटरीची वीज येते आणि ८७ मधून ती पंख्याला जाते. कॉइलचा रोध बहुधा ६० ते १०० ओहम भरतो. ‘टिक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा समज चुकीचा आहे. आवाजाने फक्त कॉइल ओढते एवढे कळते, करंट जोडणारे आतले पॉइंट जळलेले असू शकतात. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहावे. नुसता आकार जुळून चालत नाही, कारण पायांची मांडणी वेगळी असू शकते आणि काही रिलेंच्या कॉइलवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ जाड वायरीने जोडले की अर्धा प्रश्न सुटतो. पंखा जोरात फिरला तर मोटर आणि तिची लाइन ठीक, दोष रिलेत किंवा त्याच्या इशाऱ्यात. फिरला नाही तर ३० वर वीज आहे का, आणि पुढे मोटरपर्यंत काय होते, ते पाहावे.

जोड आणि अर्थ (बॉडीमार्फत बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी विजेची वाट). मल्टिमीटर इथे फसवतो. पंख्याचा कपलर काढून मोजले तर १२.६ व्होल्ट दिसतात, मेकॅनिक ‘वीज येते, मोटर गेली’ म्हणतो आणि नवी मोटर लावूनही पंखा मरगळलेलाच राहतो. नळ बंद असताना तुंबलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो, धार बारीक आहे हे तोटी सोडल्यावर कळते. कीट चढलेल्या टर्मिनलचा रोध ०.३ ओहम धरला, तर १० अँपिअर ओढताना तिथे ३ व्होल्ट पडतात आणि ३० वॉट उष्णता त्या जोडातच जिरते. कपलरचे प्लॅस्टिक पिवळे पडून वितळलेले दिसते ते त्यामुळेच. म्हणून व्होल्ट मोजायचे ते पंखा चालू असताना. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या धन टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी, अर्थच्या बाजूला त्याहून कमी. मल्टिमीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प जास्त खरे सांगतो. तो मिणमिणला तर लाइन खराब.

गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो. किनाऱ्यावर खारे वारे, आतल्या भागात जांभ्याची लाल माती. पंख्याच्या कपलरवर हे सगळे समोरून येऊन बसते. तांब्यावर हिरवा आणि लोखंडी बोल्टवर तांबूस थर चढतो. अर्थचा बोल्ट रंगावर आवळलेला असेल तर गंज त्याच्या खालूनच सुरू होतो. बोल्ट काढून पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करावा, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावावे. हिरवी पडलेली वायर नुसती कापून जोडू नये. आतल्या तारा बोटभर मागेपर्यंत काळ्या पडलेल्या असतात, तेवढा तुकडाच बदलावा.

मोटर. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजले की पंखा कधी लागतो, कधी नाही. न लागलेल्या मोटरवर पान्याच्या दांड्याने हलके टिचकारले आणि ती फिरू लागली, तर कार्बन संपत आलेत असे धरावे. हाताने फिरवताना जड जाणे, घरघरणे किंवा दांडा हलणे ही झिजलेल्या बुशची (दांडा ज्यात फिरतो त्या कड्याची) लक्षणे. जड मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडवते. तेव्हा मोठा फ्यूज टाकणे म्हणजे वायरिंग जाळण्याची तयारी. नव्या मोटरची टोके उलटी लागली तर पंखा उलट फिरून वाऱ्याशी झगडतो, म्हणून रेडिएटरच्या जाळीवर कागद धरून वारा योग्य दिशेने ओढला जातो का ते पाहावे. मोटरला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढलेले बरे, कारण काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक लागतो.

‘डायरेक्ट’ करणे. दोष सापडेना की पंखा किल्लीला थेट जोडून देण्याची गॅरेजमधली रीत. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर इंजिन त्यामुळे गरजेपेक्षा फारसे गार पडत नाही, तोटा वेगळाच असतो. कार्बन लवकर झिजतात, आणि रिलेशिवाय जोडले तर इग्निशन स्विचचे पॉइंट जळतात. डॅशबोर्डवर वेगळा खटका बसवला तर सगळी भिस्त चालकाच्या आठवणीवर. घरी पोचण्यापुरते हे ठीक, आणि त्यातही मधे फ्यूज हवाच. वाटेत अडकलेच तर हीटर पूर्ण गरमवर टाकून फुंकणारा पंखा जोरात लावल्यास इंजिनाची काही उष्णता गाडीत ओढली जाते. इथे हीटरचा खटका वर्षानुवर्षे हललेलाच नसतो, तो जाम निघाला तर नवल नाही.

थांबत नसलेला पंखा. इंजिन गार असूनही पंखा चालू राहिला, तर रिलेचे पॉइंट चिकटलेले असतात किंवा थर्मो स्विच जुळलेल्या अवस्थेत अडकलेला असतो. रिले उपटल्यावर पंखा थांबला, तर स्विचची वायर काढून रिले परत लावावा. तरीही फिरला तर बहुधा रिले दोषी. असा पंखा रात्रभरात बॅटरी उतरवतो. पॉइंट चिकटण्याचे कारण मात्र अनेकदा जास्त करंट ओढणारी जड मोटर हेच असते, म्हणून नवा रिले घालताना क्लॅम्प मीटरने मोटरचा करंट मोजावा. छोट्या गाडीत तो सहसा १० अँपिअरच्या आसपास असतो. पंधराच्या पुढे गेला तर नवा रिलेही तसाच चिकटेल.