बाग-रेल्वेचा उघड्यावरील देखावा

बाग-रेल्वेचा देखावा : उघड्या बागेत जमिनीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेभोवती उभारलेले बोगदे, कडे, पूल, धबधबे, स्थानके व झाडी. घरात टेबलावर मांडलेल्या रेल्वेला पुठ्ठा, थर्माकोल आणि प्लास्टर पुरते. बागेत तेच काम पहिल्या पावसात लोळागोळा होते. हे मुळात गवंडीकामच, फक्त थापी लहान. प्रस्तुत नोंदीत इंदूर व माळव्याच्या हवामानाला धरून माहिती दिली आहे.

प्रमाण व त्याविषयीचा घोळ : बागेत सर्वाधिक रूढ असलेला रूळमार्ग ४५ मिमी रुंदीचा असतो. हे ‘एक नंबर’चे माप जर्मनीतील मेर्क्लिन या खेळण्यांच्या कंपनीने १८९१ च्या सुमारास ठरवलेल्या मापांपैकी होय. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये त्याच रुळांवर एलजीबी (‘लेमान ग्रोस बान’) गाड्या आणल्या आणि अशा गाड्यांसाठी ‘जी’ हे अक्षर प्रचारात आले. ते ‘मोठा’ या अर्थाच्या ‘ग्रोस’ या जर्मन शब्दाचे की ‘गार्डन’चे, याविषयी दुमत आहे. एलजीबी या नावातील मधल्या अक्षराचा अर्थच ‘ग्रोस’ असल्याने पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. ‘गार्डन’ हा अर्थ मागाहून जोडलेला दिसतो.

घोळ अक्षराशी थांबत नाही. ‘जी’ म्हणजे एकच प्रमाण असे समजून घेतलेले सामान एकमेकांशेजारी विजोड दिसते. ४५ मिमी रुळांवर १:३२ (मूळच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या), १:२९, १:२२.५ आणि १:२०.३ अशा सगळ्या गाड्या धावतात. दोन मीटर उंचीचा दरवाजा या प्रमाणांत अनुक्रमे सुमारे ६२, ६९, ८९ आणि ९८ मिमी होतो. म्हणजे एका प्रमाणातला स्टेशनमास्तर दुसऱ्या प्रमाणातल्या कचेरीत वाकून शिरणार. म्हणून देखाव्याचे प्रमाण आधी गाड्यांवरून ठरवावे, इमारती नंतर.

इंदूरकरांना यात एक सोय आपसूक मिळते. १:२२.५ हे प्रमाण धरून ४५ ला २२.५ ने गुणले की सुमारे १,०१२ मिमी येतात, म्हणजे जवळजवळ मीटरगेज (१,००० मिमी). आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून झालेला खांडवा–इंदूर मार्ग मीटरगेजच होता. ग्वाल्हेरच्या जुन्या ६१० मिमी रुळांसाठी ३२ मिमी मार्ग व १:१९ हे प्रमाण जुळते. गुजरातेतील दभोईच्या जुन्या ७६२ मिमी रुळांना ४५ मिमीवर सुमारे १:१७ पडते. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील चांदीची गाडी काही जण या छंदाच्या पूर्वपीठिकेत धरतात. ती जेवणाच्या टेबलावर फिरते, तिचा ऊन-पावसाशी संबंध नाही.

पाया : माळव्यातील बहुतेक बिघाडांचे मूळ काळ्या मातीत असते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट टेकवलेला पूल जूनमध्ये एका टोकाने उचलला जातो, मे महिन्यात खचतो आणि सांध्यात तडकतो. जड बांधकामाखाली किमान ४५० मिमी माती काढून टाकावी, दीड-दीडशे मिमीच्या थरांत मुरूम भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावी. वर ७५ मिमी काँक्रीट, दर दीड मीटरवर सांधा सोडून. सांधा नसेल तर काँक्रीट आपल्या मनाने तो कुठेतरी पाडतेच. पृष्ठभागाला रुळांपासून बाहेर १:५० उतार द्यावा. रुळांखाली कचच्या खाणीतील ३ मिमी चुरी चाळून, धुऊन वापरावी. बारीक भुकटी राहिली तर तिचा चिखल होऊन निचरा बंद पडतो.

कडे व बोगदे : विटांच्या तुकड्यांचा ओबडधोबड गाभा रचून त्यावर चिकन जाळी ताणतात आणि १:३ सिमेंट-वाळूचा गिलावा दोन थरांत मिळून २५ मिमी देतात. पहिला थर ओरखडून ठेवावा, नाहीतर दुसरा पापुद्र्यासारखा सुटतो. जाळी कुठेही उघडी राहू नये. गंज फुगून वरचा गिलावा फोडतो. रंग वरून देण्यापेक्षा काळा ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत मिसळावा, ५० किलोच्या गोणीला अडीच किलो. कोरीवकाम गिलावा नखाने दबेल पण बोटाला चिकटणार नाही अशा वेळी करावे. हिवाळ्यात त्याला तीन-चार तास लागतात, मे महिन्यात तासाभरातच वेळ निघून जाते. माळव्याचा दगड बेसाल्ट आहे, तेव्हा आडवे थर आणि उभ्या चिरा काढाव्यात. तिरक्या शिळा कोरल्या की देखावा भलत्याच मुलखातला वाटतो. सात दिवस तराई करावी, म्हणजे पाणी मारून ओल टिकवावी. वरून रंग द्यायचाच असेल तर २८ दिवस थांबावे. त्याआधी दिलेला ॲक्रिलिक रंग लोणा (क्षाराची पांढरी बुकणी) धरून सोलून निघतो.

बोगद्याची रुंदी पुस्तकातल्या मापावर सोडू नये. सर्वांत लांब डब्याच्या दोन्ही टोकांना व मध्यभागी पेन्सिली बांधून तो वळणावरून ढकलावा. उमटलेल्या रेषांबाहेर १५ मिमी सोडून भिंत घ्यावी. टोके वळणाच्या बाहेर झुकतात आणि मध्य आत, हे पहिल्या बोगद्यात हमखास विसरले जाते. मध्ये घसरलेला डबा काढण्यासाठी दोन्ही तोंडांकडून हात पोहोचला पाहिजे, म्हणजे लांबी सुमारे १.२ मीटर, जास्त असल्यास वर उचलता येणारे झाकण हवे.

धबधबा : इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्याची उंची सुमारे ३०० फूट मानली जाते. १:२२.५ ने ती चार मीटर भरते, म्हणून बागेत ६०० ते ८०० मिमीवर भागवावे लागते. शिवाय पाण्याच्या थेंबाला प्रमाण कळत नाही. एकाच उडीत पडणारी धार नळासारखी दिसते, तीन टप्प्यांत फोडली तर पटते. ओठाच्या (पाणी जिथून खाली पडते त्या कडेच्या) १०० मिमी रुंदीला तासाला सुमारे १,५०० लिटर पाणी लागते. कूलरच्या पंपावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, चढावर तो बराच घटतो. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे ओघळते व टाकी रिकामी होते. ओठाखाली ६ मिमी खोल खाच घेतली की ते तिथेच तुटून पडते. बोअरचे पाणी पांढरे डाग सोडते. पंपाच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. मूळ धबधबा पावसाळ्यानंतर रोडावतो, त्यामुळे पंप एरवी बंद ठेवला तरी देखावा खोटा ठरत नाही. टाकी मात्र कोरडी करावी, डासांसाठी आठवडा पुरतो.

इमारती : सनबोर्ड म्हणून मिळणारी पीव्हीसी फोम शीट पाण्याने खराब होत नाही, पण गडद रंगात उन्हाने वाकते, भिंती फिक्या ठेवाव्यात व आतून आडव्या पट्ट्या लावाव्यात. फेव्हिक्विकचे सांधे एक पावसाळा क्वचितच टिकतात, दोन भागांचे इपॉक्सी टिकते. सिलिकॉनवर रंग धरत नाही. पन्हळी पत्र्यासाठी शीतपेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियम पत्रा ३.३ मिमी अंतराच्या पन्हळींत दाबतात. पातालपाणीपुढच्या घाटातील, कलाकंदासाठी नावाजलेल्या काळाकुंड स्थानकाची प्रतिकृती करणाऱ्याने कलाकंदाचे दुकान विसरू नये.

झाडी : सूचिपर्णी थुजा सर्वत्र मिळतो, पण त्याने माळव्याचा घाट हिमालय होतो. बारीक पानांचा जेड आणि छाटून ठेवलेली कुफिया अधिक शोभतात. उतारांवर कोरियन गवत चालते, फक्त ते रुळांत शिरण्याआधी कापावे लागते. कड्याच्या भेगेत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो. तो दोन पानांचा असतानाच मुळासकट उपटावा. नुसता कापला तर मूळ आत जाडावत राहते आणि पुढच्या वर्षी कडा मधोमध उघडतो.