मारकी कोंबडी

मारकी कोंबडी : परसातील कळपात इतर कोंबड्यांना, पिलांना किंवा माणसांना वारंवार टोचणारी, अंगावर धावून जाणारी कोंबडी. ‘मारकी’ हे विशेषण मुळात शिंगे रोखणाऱ्या गुरांचे. कोंबडीला लावताना त्याचा रोख चोच आणि नख्या यांकडे असतो. ही नोंद कोकण किनाऱ्यावर घराभोवती, वाडीत मोकळ्या फिरणाऱ्या लहान कळपांपुरती आहे. कोंबड्यांच्या झुंजी हा वेगळा विषय असून प्राण्यांना झुंजवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडलेले मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. तो माणसाळला कुठे आणि केव्हा, याबद्दल मात्र एकमत नव्हते. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर मिळालेल्या हाडांवरून हा मान भारताकडे दिला जाई; ती हाडे पाळीव कोंबडीचीच काय, अशी शंका पुढे घेतली गेली. २०२० मधील जनुकीय अभ्यासाने आग्नेय आशिया आणि नैर्ऋत्य चीन या टापूकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये थायलंडमधील बान नॉन वाट येथील हाडांवरून इ. स. पू. सु. १६५०–१२५० हा काळ सुचवण्यात आला. आज हे मत अधिक सबळ वाटते. सह्याद्रीत आढळतो तो राखी रानकोंबडा. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आले, असे २००८ मध्ये दाखवले गेले. गावठी कोंबडीचा तापटपणाही त्याचाच, असे त्यावरून म्हणता येत नाही. चोचीने वरचढपणा ठरवण्याची रीत विलायती कोंबड्यांतही तीच आहे.

टोचणीचा क्रम : या रीतीचा पहिला पद्धतशीर अभ्यास नॉर्वेचे थोर्लिफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी केला. लहानपणापासून ते कोंबड्यांच्या नोंदी ठेवत; निष्कर्ष १९२२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. प्रत्येक दोन कोंबड्यांमध्ये एक टोचणारी आणि एक टोचून घेणारी असते, आणि हे नाते एकदा ठरले की सहसा उलटत नाही, हे त्यांच्या निरीक्षणाचे सार. कळपात आठ कोंबड्या असतील तर अशी अठ्ठावीस नाती ठरलेली असतात. नववी आणली की आणखी आठ नव्याने ठरवावी लागतात. नव्या कोंबडीच्या पहिल्या दिवशी परसात जो गोंधळ माजतो त्याचे कारण एवढेच आहे. क्रम सरळ शिडीसारखा असेलच असे नाही. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला टोचते, असे त्रिकोणही आढळतात.

वर कोण चढणार हे अंगच्या वजनावर ठरते, असा समज आहे; तो अपुरा आहे. अमेरिकन अभ्यासक निकोलस कॉलियस यांनी १९४३ मध्ये अनोळखी कोंबड्यांच्या पहिल्या भेटी तपासल्या. मोठा तुरा, पिसे झडण्याचा काळ नसणे आणि आपल्या मूळ कळपातील वरचे स्थान यांचे वजन शरीराच्या वजनापेक्षा जास्त ठरले. त्याआधी १९३९ मध्ये वॉर्डर ॲली आणि सहकाऱ्यांनी खालच्या कोंबड्यांना नर-संप्रेरकाची सुई दिल्यास त्या वर चढतात हे दाखवले होते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः तुरा आणि डोके यांवरून ओळखतात. म्हणून तुरा जखमी होऊन बदलला तर ओळखीची कोंबडीही परकी ठरू शकते. ताटातूट सु. दोन-तीन आठवड्यांची झाली की ओळख बहुधा पुसली जाते.

श्येल्डेरूप-एब्बे यांनी या क्रमात निव्वळ हुकूमशाही पाहिली. नंतरच्या अभ्यासकांचा कल वेगळा आहे: क्रम ठरलेला असला म्हणजे रोजची मारामारी टळते, नुसत्या मान उंचावण्यावर भागते. परसातला अनुभव या दुसऱ्या मताला धरून आहे. जुन्या, न हललेल्या कळपात रक्त क्वचितच निघते. म्हणून एखादी कोंबडी रोज रक्त काढत असेल तर तिच्या स्वभावाला दोष देण्याआधी कळपात नुकते काय बदलले ते पाहावे.

पिसे उपटणे : हे मारकेपण आहे की नाही, यावर बरीच चर्चा झाली आहे. वर्चस्वाची टोच डोक्यावर, तुऱ्यावर बसते आणि समोरची पळाली की थांबते. पिसे उपटणारी मात्र पाठीमागून येऊन शेपटाच्या बुडाशी, पाठीवर शांतपणे खेचत राहते. नेदरलंड्सचे हॅरी ब्लॉखाउस यांनी १९८० नंतरच्या दशकात ही जमीन उकरण्याची वाट चुकलेली सवय मानली; डेन्मार्कचे क्लाउस वेस्टरगार्ड यांनी तिचा संबंध धूळ-अंघोळीशी जोडला. उकरायला जागा मिळताच ही सवय घटते, हे पाहता पहिले मत अधिक पटते. खाद्यात प्रथिने आणि मीठ कमी पडल्यानेही ती वाढते. नुसत्या कणी-कोंड्यावर आणि उरल्या भातावर ठेवलेल्या कळपात हा धोका असतो. कोकणात त्यावर उपाय घरातच असतो: सुकट, जवळा, मासळीची डोकी. सुकी मासळी खारट असते, आणि जास्त मीठ कोंबडीला विषासमान. म्हणून ती पाण्यात धुऊन, थोडीच द्यावी.

खुडूक कोंबडी : अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी हात घालणाऱ्याला टोचते, फुगते, गुरगुरते. २१ दिवसांच्या उबवणीत आणि पिले लहान असेपर्यंत तिचे हे वागणे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाशी निगडित असते. तिला मारकी म्हणणे अन्यायाचे आहे. घार आणि मुंगूस यांच्यापुढे पिलांना दुसरा आधार नसतो. लहान मुलांना तिच्यापासून दूर ठेवावे, एवढेच पुरते. अंडी नसतानाही ती बसून राहिली तर खुडूकपण मोडण्यासाठी तिला पाण्यात बुडवणे, नाकपुडीत पीस घालणे असे प्रकार काही ठिकाणी चालतात. ते क्रूर आहेत. पोटाखालून वारा खेळेल अशा उंच, फटी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवल्याने तेच काम होते.

कोकणात तंट्याचा काळ म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर परस चिखलाने भरते, एरवी वाडीभर पांगणारा कळप मांगरात (वाडीतल्या छपरात) किंवा पडवीच्या कोपऱ्यात कोंडला जातो. उकरायला पातेरा (गळलेली सुकी पाने) नाही, धूळ-अंघोळीला कोरडी माती नाही, आणि हरलेल्या कोंबडीला पळायला वाट नाही. मोकळ्यावर हार म्हणजे चार पावले मागे सरणे. कोंडलेल्या जागी तीच हार कोपऱ्यात अडकून डोके फोडून घेणे ठरते. त्यातच उन्हाळ्यात निघालेली पिले आता तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) होऊन मोठ्यांच्या क्रमात शिरू पाहत असतात. म्हणून पावसाआधीच मांगरात सुका पातेरा आणि तूस साठवून ठेवावे आणि चुलीची राख कोरड्या मातीत मिसळून एका टोपलीत द्यावी. दाणे एकाच जागी न टाकता दूर दूर ठेवलेल्या तीन-चार करवंट्यांत द्यावेत, काही पातेऱ्यात विखरावेत. वरचढ कोंबडी एका वेळी एकच करवंटी राखू शकते. आडोशाला एखादी फळी किंवा तिरकी झाप उभी केली तर हरलेलीला नजरेआड होता येते. तळाची कोंबडी दाण्याजवळ न येता भिंतीला चिकटून उभी असेल, तर तिचा गळ्याखालचा पोटला संध्याकाळी चाचपून पाहावा. तो रिकामा लागला तर ती उपाशी आहे.

एवढ्यानेही न थांबणाऱ्या कोंबडीला बाजूला काढावे लागते. घरोघर रीत अशी की टोचून घेणारीलाच उचलून वेगळे ठेवतात. जखम असेल तर ते आवश्यकच आहे, कारण लाल रंग दिसताच इतरही तिथेच टोचतात. मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन हळद-खोबरेल लावावे आणि खपली धरेपर्यंत कळपात सोडू नये. मात्र इजा नसताना तिला काढणे उलटे पडते, कारण परतल्यावर ती आणखी खालून सुरुवात करते. काढायची ती मारणारी. तिला डालग्याखाली किंवा दुसऱ्या खुराड्यात, सावलीत, कळपाच्या नजरेआड चार-पाच दिवस ठेवावे. तेवढ्यात उरलेल्यांचा क्रम नव्याने बसतो आणि परतणारीला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. सोडताना तिन्हीसांजेला, सगळ्या दांडीवर बसल्यावर सोडावे आणि पहाटे खुराडे लवकर उघडावे. एकदा न जमल्यास मुदत वाढवून पुन्हा करावे. नवी कोंबडी आणताना उलट क्रम धरावा: आठवडाभर डालग्यातून किंवा जाळीआडून एकमेकींना पाहू द्यावे, आणि शक्यतो एकटी न आणता दोन आणाव्यात. कळपात एखादा सुस्वभावी कोंबडा असेल तर माद्यांची आपसातली भांडणे कमी होतात, असे निरीक्षण आहे. चोच कापणे हा मोठ्या कोंबडीगृहांतील प्रकार. परसात त्याची गरज नाही आणि त्याने वेदना होतात.

क्वचित एखादी जुनी कोंबडी अंडी देणे थांबवते, तुरा वाढवते, आरवू लागते आणि इतरांवर चढते. मादीत डावा अंडाशयच कामाचा असतो. तो निकामी झाल्यास उजवीकडची अविकसित ग्रंथी वाढून नर-संप्रेरक तयार करू लागते. अशी कोंबडी अशुभ मानण्याची समजूत अनेक समाजांत आढळते, आणि तीमुळे निरुपद्रवी कोंबड्या मारल्या जातात. तो शरीराचा विकार आहे.

पिसे उपटण्याची सवय काही अंशी आनुवंशिक असल्याचे डेन्मार्कमधील निवड-प्रजननाच्या प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे वरचे सर्व उपाय करूनही जी कोंबडी सुधारत नाही तिची अंडी खाण्यास हरकत नाही, मात्र ती खुडूक कोंबडीखाली बसवू नयेत.