दोषसंकेत-निदान, मोटारगाडीतील

गाडीच्या नियंत्रक संगणकाने (ईसीएम) स्मृतीत नोंदवलेले संकेतांक स्कॅनरने वाचून विद्युत् मंडलातील बिघाड शोधण्याची व दुरुस्त करण्याची पद्धत.

उगमाबद्दल एकमत नाही. फोक्सवॅगनच्या १९६८ च्या टाइप ३ गाडीपासून सुरुवात मानण्याचा प्रघात आहे. मात्र तिच्यातील बॉशची डी-जेट्रॉनिक इंधनप्रणाली अ‍ॅनालॉग मंडलांवर चालत असे. झालेला दोष साठवून ठेवण्याची सोय तिच्यात नव्हती. त्याच कंपनीने १९७१ च्या सुमारास दिलेले निदान-सॉकेटही कार्यशाळेतील बाह्य यंत्रासाठी होते. दोष गाडीनेच ओळखावा आणि लक्षात ठेवावा, ही कसोटी लावल्यास १९८० च्या आसपास जनरल मोटर्सने आणलेल्या संगणकांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या गाड्यांत सॉकेटमधील दोन पिना तारेने जोडल्या की डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकून संकेतांक सांगे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून अशी यंत्रणा सक्तीची केली; सोळा पिनांच्या सॉकेटसह ओबीडी-२ (ओबीडी म्हणजे गाडीतच बसवलेली निदानयंत्रणा) हे प्रमाणरूप अमेरिकेत १९९६ पासून बंधनकारक झाले. भारतात भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून व ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आवश्यक ठरले. १ एप्रिल २०१७ पासून स्टेज ४ देशभर लागू झाले.

संकेतात एक अक्षर व चार स्थाने असतात. पी म्हणजे इंजिन व गिअर, बी बॉडी, सी चासी, यू संगणकांमधील संपर्क. पुढील शून्य सर्व कंपन्यांना समान असलेला संकेत दर्शवते, तर १ बहुधा कंपनीचा स्वतःचा. उदा., पी०५६२ कमी व्होल्टेज, पी०३३५ क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सेन्सरचे मंडल, यू०१०० इंजिनाच्या संगणकाशी तुटलेला संपर्क.

संकेत मंडलाकडे बोट दाखवतो, सुट्या भागाकडे नव्हे. पी०३३५ दिसताच सेन्सर बदलणे ही सर्रास चाल असली, तरी दोष तारेत, कनेक्टरात किंवा अर्थिंगमध्येही असू शकतो. म्हणून प्रथम बॅटरी तपासावी: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना बहुधा १३.५ ते १४.५. अर्थिंगची परीक्षा भार (दिवे वगैरे) चालू ठेवून घेतात. बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांत ०.२ व्होल्टहून अधिक फरक संशयास्पद. केवळ सातत्य-चाचणी (तार अखंड आहे का, एवढेच पाहणारी) फसवी असते: एकच तंतू शिल्लक असलेली तारही मीटरवर धड दिसते. अनेक सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक असल्याने एक सेन्सर शॉर्ट झाला तरी अनेक असंबद्ध संकेत उमटतात. यू गटात बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमधील रोध मोजतात. कॅन जाळे (संगणकांना जोडणाऱ्या दोन तारा) थेट सॉकेटला जोडलेल्या गाड्यांत तो सुमारे ६० ओहम येतो. १२० आल्यास एक टोकरोधक (जाळ्याच्या टोकाला बसवलेला रोध) किंवा तार तुटलेली.

अशा बिघाडांत स्थानिक हवामानाचाही वाटा असतो. उदा., गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सासष्टी या किनारी तालुक्यांत खारी हवा आणि ओल मिळून तांब्याच्या टर्मिनलांवर हिरवट थर चढतो. डिचोली, सांगे या खाणपट्ट्यांत कनेक्टरांत बसलेली लाल धूळ ओलावा धरून ठेवते. पर्यटनाचा हंगाम ओसरल्यावर उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची बॅटरी उतरते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. उतरलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारताना उमटलेले संकेत खरे धरू नयेत; बॅटरी भरून, ते पुसून पुन्हा वाचावेत.

दुरुस्तीत गंजलेले टर्मिनल बदलून, तार क्रिंप करून (दाबून जोडून) आतून डिंक असलेली हीटश्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवतात. नुसती काळी टेप येथे पावसाळा काढत नाही. प्रदूषणाशी निगडित दोष गेल्यावर डॅशबोर्डवरील दिवा साधारणतः सलग तीन निर्दोष चालनचक्रांनंतर (गाडी सुरू करून चालवून बंद करणे म्हणजे एक चक्र) आपोआप विझतो, तर संकेत स्मृतीतून जायला सुमारे चाळीस तापनचक्रे (थंड इंजिन सुरू होऊन पुरते तापणे म्हणजे एक) लागतात.