मृदेतील मिश्र धातुप्रदूषण आणि वनस्पती

एकाच जमिनीत दोन किंवा अधिक धातूंचा अपायकारक साठा होणे म्हणजे मिश्र धातुप्रदूषण. प्रदूषित जमिनीत एखादा धातू एकटा क्वचितच सापडतो. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच, म्हणून जस्ताच्या भट्ट्यांभोवती दोन्ही साचतात. जुन्या फळबागांत कीटकनाशक म्हणून फवारलेल्या लेड आर्सेनेटमुळे शिसे आणि आर्सेनिक मागे उरतात. सांडपाण्याच्या गाळातून जस्त, तांबे, निकेल व कॅडमियम एकत्र येतात. (आर्सेनिक खरे तर धातुसदृश आहे, या विषयात ते धातूंबरोबरच धरतात.)

मिश्रणाचा परिणाम नेहमी साध्या बेरजेइतका नसतो. चिकणमाती, लोह-मँगॅनीजची ऑक्साइडे आणि सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतात, पण त्यांच्यावरील जागा मर्यादित असतात. शिसे व तांबे या जागांना घट्ट चिकटतात आणि सैल बसलेले कॅडमियम व जस्त तिथून सुटून मातीतील पाण्यात येते. त्यामुळे कॅडमियम वाढलेले नसतानाही, केवळ तांब्याची भर पडल्याने पिकात कॅडमियम जास्त जाऊ शकते.

मुळाच्या दारातही अशीच चढाओढ असते. कॅडमियमसाठी वनस्पतीत वेगळी वाट नाही. ते जस्त, लोह व मँगॅनीज आत नेणाऱ्या वाहक प्रथिनांमधूनच शिरते. म्हणून पुरेसे जस्त असले की कॅडमियमचे शोषण बहुधा घटते, तर लोहाची कमतरता असली की वाढते. आर्सेनेट (आर्सेनिकचे मातीत आढळणारे एक रूप) फॉस्फेटच्या वाटेने जाते. शिसे बरेचसे मुळांमध्येच अडकते. कॅडमियम मात्र सहज पानांपर्यंत चढते.

पेशीत शिरलेले कॅडमियम व आर्सेनिक बांधून ठेवण्यासाठी वनस्पती ग्लुटाथायोन या गंधकयुक्त लहान रेणूपासून फायटोकेलॅटिने (धातूंना पकडणारी संयुगे) तयार करते आणि ती संयुगे रिक्तिकेत (पेशीतील साठवणीच्या पिशवीत) साठवते. ऑक्सिडीकरणाच्या ताणाशी (पेशीला इजा करणाऱ्या अतिक्रियाशील ऑक्सिजन-रूपांशी) लढायलाही तेच ग्लुटाथायोन लागते. कॅडमियमने साठा खर्च होत असताना तांबे हा ताण वाढवत असेल, तर दोन सौम्य मात्रा मिळून मोठे नुकसान करतात.

पहिली खूण मुळांवर दिसते: वाढ थांबते, टोके तपकिरी व जाड होतात, बाजूची मुळे आखूड राहतात. नंतर कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडतात. जस्त, तांबे किंवा निकेल जास्त झाल्याने लोहाची कमतरता निर्माण होते आणि ती रोग वा खताची उणीव समजली जाते. पानांच्या कोरड्या वजनात प्रति किलोग्रॅम तांबे २० ते ३०, कॅडमियम ५ ते १० आणि जस्त १०० ते ३०० मिलिग्रॅम झाले की बऱ्याच पिकांत अपाय सुरू होतो. हे आकडे एकेका धातूचे आहेत. मिश्रणात प्रत्येक धातू मर्यादेखाली असूनही झाड खुरटू शकते. उलट, खाणाऱ्याला घातक ठरेल इतके कॅडमियम असूनही पीक निरोगी दिसू शकते. म्हणून हिरवेपणावर विसंबू नये.

परीक्षणात एकूण धातूंबरोबर झाडाला उपलब्ध होणारा अंशही मोजावा. डीटीपीए (धातूंना पकडणारे एक रसायन) पद्धतीत १० ग्रॅम माती सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ७.३ असलेल्या २० मिलिलिटर द्रावणात २ तास हलवून गाळतात. प्रयोगशाळेत धातूंचे क्षार नुकतेच मिसळलेली माती वर्षानुवर्षे मुरलेल्या मातीपेक्षा जास्त विषारी ठरते. तिच्यावरून शेताचा निष्कर्ष थेट काढू नये.

सर्वांत अवघड भाग उपायांचा, कारण एका धातूवरचा उपाय दुसऱ्याला मोकळे करतो. चुना घालून सामू ६.५ ते ७ पर्यंत नेल्यास कॅडमियम, जस्त व शिसे बांधले जातात, पण आर्सेनेट सुटण्याची शक्यता वाढते. फॉस्फेट शिशाला अविद्राव्य करते, पण आर्सेनेटला मातीच्या कणांवरून ढकलते. म्हणून लेड आर्सेनेटच्या जमिनीत ते धोक्याचे. भात खाचरात पाणी साठवून ठेवले की कॅडमियम सल्फाइडरूपाने बसते आणि आर्सेनिक विरघळते. पाणी काढले की नेमके उलटे. धातू शोषणाऱ्या वनस्पतींनाही हीच अडचण येते. नोकिया सेरुलेसन्स जस्त व कॅडमियम भरपूर साठवते, पण तांबे जास्त असलेल्या मातीत तिची वाढच खुंटते. त्यामुळे उपाय ठरवण्याआधी तक्रार ज्याची आहे तोच नव्हे, तर सगळे धातू आणि सामू तपासावेत, आणि उपायानंतर पुढच्या हंगामात पीक व माती दोन्ही पुन्हा मोजावीत.