जुन्या लष्करी जमिनीवर बांधकाम करताय? खोदाईआधी हे वाचा

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोडचा डेपो, दिघी, लोहगाव, पाषाण असे चहूबाजूंनी लष्कर, आणि शहर आता त्याच्या कुंपणाला जाऊन भिडले आहे. कुठे रस्त्यासाठी, कुठे मेट्रोसाठी संरक्षण खात्याची जागा हस्तांतरित होते. अशा जागेच्या आसपास प्लॉट घेणारे आमच्याकडे माती परीक्षणाला येतात आणि सांगतात, "डिफेन्सची एनओसी आहे, आता काय राहिलं?"

एनओसी इमारतीची उंची, अंतर आणि सुरक्षितता पाहते. देहूरोड डेपोभोवती १९०३ च्या 'वर्क्स ऑफ डिफेन्स' कायद्याने २००० यार्डांपर्यंत बांधकामावर निर्बंध आहेत, तेही चालू डेपोमुळे. तुमच्या जमिनीच्या पोटात न फुटलेला जुना दारूगोळा पुरला आहे का, हे त्या कागदात नसते. माती परीक्षणाखेरीज तो यंत्राने शोधायचे काम आम्ही करतो.

लष्कराची जागा म्हणजे धोका, असेही नाही. बराकी, बंगले, परेड ग्राउंड होते तिथे या शोधासाठी आमची फी भरू नका, नेहमीचे माती परीक्षण पुरे. प्रश्न येतो तो फायरिंग रेंज, तिच्यामागचे मातीचे बांध, ग्रेनेड सरावाची जागा आणि निकामी दारूगोळा पुरण्या-जाळण्याचे खड्डे यांचा. हे शोधायला छावणी हद्दीत जनरल लँड रजिस्टर (तिथल्या जमिनींची नोंदवही) पाहावे, सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट, म्हणजे भूप्रदेशाचा नकाशा, काढावी, लष्कराच्या गोळीबार सरावासाठीच्या १९३८ च्या फील्ड फायरिंग कायद्याखाली त्या गावाची अधिसूचना निघाली होती का ते तपासावे. आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारावे, गोळीबाराच्या वेळी इशाऱ्याचे लाल बावटे कुठे लागायचे? रजिस्टरपेक्षा हे उत्तर बऱ्याचदा लवकर मिळते.

अमेरिकेतली दोन उदाहरणे ग्राहकांना आम्ही नेहमी देतो. सॅन दिएगोत कॅम्प एलियट या जुन्या तळाच्या जागेवर वस्ती झाली, आणि १९८३ मध्ये तिथे सापडलेला गोळा फुटून दोन मुले दगावली. कॅलिफोर्नियातलाच फोर्ट ऑर्ड तळ १९९४ मध्ये बंद झाला. वर्षभरात तिथे विद्यापीठ सुरू झाले, पण दारूगोळ्याची सफाई त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिली. तिथे ठरावीक भागात १० घनयार्डांहून जास्त खोदायचे तर वेगळा परवाना लागतो. म्हणजे 'साफ झाली' असे सांगितलेल्या जमिनीवरही खोदाईला लगाम आहे.

कारण सफाई नेहमी अमुक खोलीपर्यंतची असते. ढोबळ हिशेब असा, की वस्तूच्या व्यासाच्या अकरा पट खोलीपर्यंत धातू शोधणाऱ्या यंत्राला ती कळते. ८१ मिमीचा मॉर्टरचा गोळा तीन फुटांच्या आसपास दिसेल, २० मिमीची गोळी वीतभर खोलीवरही जेमतेम. तुमचे बेसमेंट मात्र तीस-चाळीस फूट जाणार. म्हणून संशयाच्या जागी थराथराने काम करावे लागते. एक थर तपासायचा, काढायचा, उघडी पडलेली जमीन पुन्हा तपासायची. कंत्राटदार कुरकुरतो, पण दुसरा मार्ग आम्हाला माहीत नाही.

पुण्यात आणखी एक अडचण म्हणजे आपला काळा दगड. बेसाल्टमध्ये लोहखनिज असते, त्यामुळे मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय फरकावरून लोखंड टिपणारे यंत्र, मुरमातल्या साध्या गोट्यालाही गोळा समजतो. हवाईतल्या काहोओलावे बेटावर, तिथेही ज्वालामुखीचीच माती, अमेरिकी नौदलाला हाच त्रास झाला. शिवाय मॅग्नेटोमीटरला फक्त लोखंड कळते, पितळ-अ‍ॅल्युमिनियम नाही. त्यासाठी विद्युतचुंबकीय यंत्र फिरवावे लागते. आम्ही दोन्ही वापरतो. दोऱ्या ताणून अर्ध्या मीटरच्या पट्ट्या पाडतो, आमचा माणूस मोबाइल, किल्ल्या, पट्टा बाहेर ठेवून एकेक पट्टी चालतो आणि संशयाच्या ठिकाणी फक्कीने गोल करतो. एका दिवसात एकर उरकून देतो म्हणणाऱ्यापासून जरा जपूनच.

बाहेरून आणलेल्या मुरमाचा विचार फारसा कोणी करत नाही. एका साइटची खोदाई दुसऱ्या साइटचा भराव होते. तुमचा प्लॉट निर्धोक, पण डंपर कुठून भरून आले? चलनावर उगमाचा पत्ता लिहून घ्या.

पाण्याचेही तसेच. दारूगोळ्यातल्या रसायनांपैकी टीएनटी हे स्फोटक बऱ्यापैकी मातीला धरून राहते, पण आरडीएक्स हे स्फोटक आणि पर्क्लोरेट हे क्षार पाण्याबरोबर खाली उतरतात. अमेरिकेतल्या केप कॉडच्या लष्करी तळाखालच्या भूजलात दोन्ही सापडले होते. बोअरच्या नेहमीच्या तपासणीत ही नावे नसतात, प्रयोगशाळेला ती वेगळी सांगावी लागतात. जवळ जुनी रेंज नसेल तर हा खर्च करू नका.

आम्ही बॉम्ब काढत नाही, काढणार नाही. जमिनीत काय असू शकते ते मोजून नकाशावर देतो, एवढेच. खोदताना गंजलेली, निमुळती, शेपटीला पंख असलेली धातूची वस्तू दिसली तर जेसीबी आहे तिथे बंद करा. बकेट वर-खाली करू नका, पाणी मारू नका, भंगारवाल्याला तर मुळीच दाखवू नका. माणसे लांब न्या आणि ११२ ला फोन करा. पोलिसांचे बॉम्बशोधक पथक येईल, गरज पडली तर लष्कराला तेच बोलावतील. तोवर साइटचा वॉचमन फाटकावर बसवा, वस्तूजवळ नाही.

पाणी साचलेल्या प्लॉटवर आम्ही सर्व्हे घेत नाही. गवत-झुडूप काढून, लोखंडी सळ्या नि पत्रे हलवून जागा तयार ठेवा. अहवालात तपासलेली खोली पहिल्याच पानावर असते. बँकेला किंवा आर्किटेक्टला देताना ते पान काढून टाकू नका.