शिरच्छेदानंतरची शुद्ध आणि वेदना

मुंडके धडावेगळे झाल्यावर मेंदूला भान उरते का आणि दुखल्याचे कळते का, हा शरीरक्रियाशास्त्रातला जुना प्रश्न. भान उरलेच तर ते मोजक्या सेकंदांचे, असे आजवरच्या पुराव्यांवरून दिसते.

कोल्हापुरात हा विषय बहुधा मटणाच्या दुकानात निघतो. नुकत्याच सोललेल्या बकऱ्याची मांडी हुकाला टांगली तरी तिचे मांस थडथडत असते. कापलेली कोंबडी पिंपात फडफडते. ‘अजून जीव हाय बघा,’ असे गिऱ्हाईक म्हणते. पुरंदरच्या वेढ्यात (१६६५) शीर पडल्यावरही मुरारबाजी देशपांड्यांचे धड लढत राहिले, ही आख्यायिकाही धडाचीच. पण ही फडफड म्हणजे मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्नायूंत शिल्लक राहिलेली ऊर्जा. धडाला कळत काहीच नाही. प्रश्न विचारायचा तो मुंडीबद्दल.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, मात्र प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो आणि साठा जवळपास ठेवत नाही. १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या मानेभोवतीचा पट्टा फुगवून मेंदूचा रक्तपुरवठा रोखला गेला; सरासरी ७ सेकंदांच्या आसपास त्यांची शुद्ध हरपली. तिथे रक्त नुसते अडले होते. शिरच्छेदात ते वाहूनच जाते, त्यामुळे याहून जास्त वेळ मिळण्याचे कारण दिसत नाही.

फ्रान्समध्ये १७९२ पासून गिलोटिन हे शिरच्छेदाचे यंत्र वापरात आले आणि कहाण्यांना ऊत आला. १७९३ मध्ये राजकीय खुनाबद्दल गिलोटिनवर गेलेल्या शार्लोट कॉर्देच्या मुंडक्याला चापट मारताच गाल रागाने लाल झाले म्हणे. रक्त निथळलेला चेहरा लाल कसा होणार, हे कोणी विचारले नाही. १९०५ मध्ये डॉ. बोर्यो यांनी लांगिय या गुन्हेगाराच्या मुंडक्याला नावाने हाक मारली. दोनदा डोळे उघडून त्याने आपल्याकडे पाहिले, हा सगळा प्रकार २५ ते ३० सेकंद चालला, असे त्यांनी लिहून ठेवले. साक्षीदार प्रामाणिक असेलही, पण पापणीची हालचाल म्हणजे ओळख नव्हे.

वेदनेचे उत्तर इतके सरळ नाही. मानेच्या वरच्या भागातले आणि चेहऱ्याचे मज्जातंतू मुंडीकडेच राहतात, त्यांचा मेंदूशी संबंध तुटत नाही. त्यामुळे शुद्ध जाईपर्यंतच्या क्षणांत दुखतच नाही, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

प्रयोगशाळांत उंदीर मारायला ही पद्धत आजही वापरतात, कारण भुलीच्या औषधाने मेंदूतली रसायने बदलतात. ती कितपत क्रूर आहे हे तपासायला नेदरलँड्समध्ये केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या मेंदूतल्या, जाणिवेशी निगडित विद्युतलहरींचा जोर साधारण ४ सेकंदांत निम्म्यावर आला. मिनिटभराने एक मोठी लहर उमटली, तिला संशोधकांनी ‘मृत्यूची लहर’ म्हटले. पेशींच्या आवरणावरचा विद्युतभार एकदम ढासळला की अशी लहर उठते, भान परतल्याने नव्हे.